आर्डिसच्या डोळ्यांदेखत

शनिवारच्या सामन्यात आर्डिस लुंडक्विस्टच्या डोळ्यांदेखत मी तिचाच पास मारून दाखवणार, असं मी चर्चमध्ये कॉफी पिताना सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं.

आयोवातल्या आमच्या वयाच्या बायकांना आर्डिस कोण हे सांगावं लागत नाही, पण तुम्हाला सांगते. आम्ही शाळेत होतो तेव्हा मुलींच्या बास्केटबॉलला गावंच्या गावं दुकानं बंद करून जायची, ती आर्डिसला बघायला. ती बघायची डावीकडे, हाक मारायची डावीकडे आणि चेंडू पाठीमागून उजवीकडे गेलेला असायचा. रेडिओवाल्याची तर बोबडीच वळायची.

आता आम्ही दोघी आजीबाईंच्या लीगमध्ये, समोरासमोरच्या संघांत. तिथे धावायला बंदी, उडी मारायला बंदी. बंदी नसती तरी काही बिघडलं नसतं.

सराव स्वयंपाकघरात सुरू केला. झेलायला नवरा, मर्ल. पहिला चेंडू त्याच्या ओटच्या लापशीत गेला, दुसरा कानावर. तो सुजलेला कान घेऊन गुरांच्या खाद्याच्या दुकानात गेला. लोकांनी चौकशी केली. मर्ल मुळात कमी बोलणारा. म्हणाला, "ग्लेंडानं मारलं."

संध्याकाळी आमच्या चर्चचे पास्टर हाल्व्हर्सन आणि त्यांची बायको दारात हजर. तिच्या हातात नूडल्सचं गरम भांडं. पास्टरांनी हळूच विचारलं, मला हल्ली फार राग येतो का. मी म्हटलं, राग नाही हो, पास आहे. त्यांना कळेना, म्हणून करूनच दाखवला. भांडं सोफ्यावर पालथं झालं. पास्टरांची बायको मर्लला म्हणाली, वाटलं तर चार दिवस आमच्याकडे राहायला या. मर्लनं त्यावर विचार केला. तेवढं मात्र मला लागलं.

पण मी हटले नाही. कोठाराच्या भिंतीवर रोज चेंडू मारत राहिले.

आर्डिसच्या संघाला आम्ही कधीच हरवलं नव्हतं. त्या शनिवारी शेवटचे काही सेकंद उरले होते, आम्ही एका गुणाने पुढे होतो आणि चेंडू माझ्या हातात होता. आमची कप्तान लव्हॉन डावीकडे उभी. सामन्याआधीच तिनं मला बजावलं होतं, "ग्लेंडा, साधा पास दे. तमाशा नको."

मी डावीकडे बघितलं. "लव्हॉन!" म्हणून हाक मारली आणि चेंडू पाठीमागून उजवीकडे, आमच्या बर्निताकडे सोडला. काय सुटला म्हणून सांगू! कुणाला न लागता गेलेला माझा हा पहिलाच.

वळून बघते तर बर्निता लव्हॉनकडे बघत उभी. तिच्या पुढून हात घालून आर्डिसनं चेंडू झेलला आणि शांतपणे बास्केटमध्ये टाकला. शिट्टी वाजली. आम्ही हरलो.

हात मिळवताना आर्डिस माझ्यापाशी थांबली. "पास अगदी बरोबर होता गं. तेव्हा माझ्या संघातल्या पोरींनाही तो कधी कळायचा नाही. निम्मे पास समोरच्या संघालाच जायचे. रेडिओवाला तेवढं सांगायचा नाही."

परतीच्या वाटेवर गाडीत माझ्याशी कुणी अवाक्षर बोललं नाही. बोलल्या असत्या तरी मला ऐकू आलं नसतं. आर्डिस लुंडक्विस्टनं सामना जिंकला, तो कुणाच्या पासवर? माझ्या.