उजवीकडे सरणाऱ्या राज्याची सावळखिंड कैसी गेली

आखाड्याच्या मातीस दंडवत घालून, आणि ऐकणारांचे दात शाबूत राहोत इतुके मागून लिहिणे ऐसे जे. शके पंधराशे एकुणनव्वद, प्लवंग नाम संवत्सर, माघ मासी एका राज्याची सावळखिंड गेली, तो मजकूर. राज्याचे नाव पुसू नये. सांगितले तरी तुम्ही मानणार नाही. त्या राज्यात सर्व कारभार उजवा. लेकराने डाव्या हाताने खेळणे उचलिले की हातास फडके बांधीत, आणि हात सुधारला म्हणजे गावात साखर वाटीत. मुष्टियुद्धाचे मल्लही तैसेच घडविले: डावा पाय पुढे, उजवी मूठ मागे राखावी, आणि समोरचा अंगावर आला की उजवीकडे सरावे, कारण उजवे ते शुभ. समोरचाही उजवाच असे, त्याची भारी मूठ आपल्या डाव्या अंगास येई, मग उजवीकडे सरणारा वाचे. ऐसे वाचता वाचता त्याचे शास्त्र जाहले.

खिंडीचा तंटा शेजारच्या राज्याशी होता, आणि ठराव ऐसा की तीन दिवस रोज आपला एक गडी उतरवावा, शेवटल्या दिवशी जो उभा राहील त्याची खिंड, आणि हरेल त्याच्या लोकांनी सूर्यास्तापूर्वी घरे सोडावी. त्या साली शेजाऱ्यांनी हणमाप्पा म्हणून डावखुरा आणिला. उजवा पाय पुढे, डावी मूठ मागे. आमचा पहिला गडी शास्त्राप्रमाणे उजवीकडे सरला, तो जावई ओसरीवर यावा तैसा चालत थेट डाव्या मुठीत गेला, आणि त्याचे दात सरहद्दीपलीकडे पडले. ते मागावयास वकील पाठविला, तेव्हा उत्तर आले की ओळख पटवून न्यावे. दुसऱ्या गड्याचा पुढला पाय हणमाप्पाच्या पुढल्या पायावर पडला, काय तुडविले म्हणून त्याणे खाली पाहिले, तो उजव्या बरगडीखाली ठोसा बसला. तो गडी अद्याप वाकलेलाच आहे. लोक त्यास नमस्काराचा जबाब देतात.

तिसरा सुभानजी खराडे. त्याचे घर त्याच खिंडीत, परसात विहीर स्वहस्ते खणलेली. त्याणे दिवसभर सरावास डावखुरा शोधिला. राज्यात एक मिळेना, सारे लहानपणीच सुधारलेले. मग तो सांजेस ओट्यावर डोके धरून बसला. तेव्हा त्याची बायको आवडाई बोलिली, "मला का पुसत नाही?"

"तुला काय पुसू?"

"दार लोटून घेतले की भाकरी मी डाव्या हाताने थापते. इतकी वर्षे खाताय."

सुभानजी ओट्यावरून उठला. मग म्हणाला, "एक ठोसा दे बघू."

"तुम्ही मागितलाच नाही म्हणून राहिला होता," म्हणून तिणे दिला. त्या आवाजाने गोठ्यातील म्हैस दूध द्यावयाचे विसरली. आवडाई म्हणाली, "हात माझा जिकडे, तुम्ही सरता तिकडेच. डावीकडे सरा. पुढला पाय माझ्या पायाच्या बाहेर टाका, आणि मग उजवा हात सरळ सोडा. मला लागू देऊ नका, भाकऱ्या राहिल्यात."

तिसऱ्या दिवशी आखाड्यात सुभानजी डावीकडे सरला, पाय बाहेर टाकिला, आणि उजवी मूठ ऐसी सोडिली की हणमाप्पा पडला आणि त्याचे पागोटे घारीने वरचेवर नेले. लोक ओरडावयास तोंड उघडिते जाहले, तो दरबारचे विनायकभट शास्त्री उठले. "डावीकडे सरला," इतुकेच बोलिले. उघडलेली तोंडे मिटली.

महाराजांनी पुसले, "सुभानजी, हे कोणी शिकविले?"

सुभानजीने आवडाईकडे पाहिले नाही. नाव घेता तर तिच्या हातास पुन्हा फडके. म्हणाला, "कोणी नाही महाराज. पाय घसरला."

शास्त्री म्हणाले, "घसरून झाला तर जय नव्हे, आणि डावा झाला तर पाहूच नये." मग महाराजांनी फार विचार केला आणि खिंड शेजाऱ्यांस देऊ केली. त्यांचा वकील भांबावून म्हणाला, "पण हरलो तर आम्ही."

"तुम्ही रीतसर हरला," शास्त्रीबोवा समजावते जाहले, "आम्ही रीतसर जिंकलो नाही." आणि महाराजांनी खिंडीवर उदक सोडिले, तेही उजव्या हाताने.

सूर्यास्तापूर्वी खराड्यांनी घर सोडिले. सुभानजीने विहिरीत एकदा वाकून पाहिले. आवडाईने गाठोडे डाव्या हाती घेतले, भर रस्त्यात, सर्वांदेखत. तो हळूच म्हणाला, "हात बदल. लोक पाहताहेत."

ती म्हणाली, "आता काय जायचे राहिले?"

त्याणे विचार केला. मग तिच्या डावीकडे जाऊन चालू लागला.

सारांश, पुढे दर साली तंटे जाहले, गडी गेले, सारे उजवीकडे सरले आणि पडले. सुभानजीस कोणी पुसले नाही. रीत शाबूत आहे, राज्य तेवढे हणमाप्पाच्या ठोशागणिक आखडत गेले. इतुके लिहून दौत पालथी घातली.