कांबळे सिस्टर आणि हरित पेट्रोल

आमच्या शेजारच्या कांबळे सिस्टर कुणीही दिलेला पेढा आधी नाकाशी धरायच्या, मग मोडून आत बघायच्या आणि मगच तोंडात टाकायच्या. माझी आई एकदा नृसिंहवाडीहून प्रसाद घेऊन आली, तेव्हाही तेच. आईला लागलं. सिस्टर म्हणाल्या, "देवावर संशय न्हाय काकू, खव्यावर हाय."

सरकारी दवाखान्यातनं नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या. दूधवाला, रिक्षाचा मीटर, दुसऱ्याच्या घरचा थर्मामीटर, कशावरच त्यांचा विश्वास नसे. समोरचा बोलत असला की डोळे बारीक करून "असं व्हय?" एवढंच म्हणायच्या. खरं बोलणाऱ्यालाही घाम फुटायचा.

दोन हजार सालानंतर कधीतरी कळंब्याच्या रस्त्यावरच्या पंपावर मोठं पोस्टर लागलं. हिरवा डोंगर, दोन हरणं, खाली 'धूरविरहित हरित पेट्रोल'. लिटरमागं थोडे जादा पैसे. सिस्टरनी ते आपल्या मोपेडमध्ये भरलं, घरी आल्या आणि मला हाक मारली.

"भाऊ, हे धरा."

ड्रेसिंगची पांढरी पट्टी मी सायलेन्सरपुढं धरली. त्यांनी गाडी रेस केली. पट्टी काळी झाली, माझी बोटंही.

"आता तुम्ही साक्षीदार," त्या म्हणाल्या.

कंपनीला तक्रार गेली. उत्तरादाखल हरणांची चित्रं असलेलं कॅलेंडर आलं. "लाच हाय ही," असं म्हणून सिस्टर थेट जिल्हा ग्राहक मंचात गेल्या. वकील केला नाही. वकिलांवरही संशय होताच.

कंपनीचे वकील पुण्याहून यायचे. पन्नाशीचे, मऊ बोलणारे. ते म्हणाले, "'हरित' हा शब्द फक्त भावना व्यक्त करतो."

"मग भावनेचं जादा पैसं कशापायी घेतलं?"

मंचाचे अध्यक्षही हसले. वकील म्हणाले, धूर जुन्या मोपेडचा आहे. सिस्टर म्हणाल्या, "पोस्टरवर तसं लिवायचं हुतं की. धूर येणाऱ्या गाड्यांनी भरू नये म्हणून."

तारखांवर तारखा पडत गेल्या. एकदा आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. समोर वकील घामानं भिजलेले, हात थरथरत होते.

"सोंग असंल," सिस्टर माझ्या कानात पुटपुटल्या. "तारीख पायजे असंल त्याला."

पण नजर काही हटेना. शेवटी उठल्या आणि त्यांचं मनगट धरलं. "शुगरची गोळी घेतली आणि जेवला न्हाईसा, व्हय न्हवं?"

वकिलांना धड बोलताही येईना. सिस्टरनी चहावाल्याकडनं साखर आणून त्यांना भरवली. तेवढ्यात आमचा पुकारा झाला. मी मनात म्हटलं, समोरून बोलायला कुणी नाही, निकाल आपलाच. सिस्टर उभ्या राहिल्या. "साहेब, वकीलसाहेबांना बरं न्हाय. फुडची तारीख द्या."

"ही विनंती कुणाच्या वतीनं?" अध्यक्षांनी विचारलं.

"त्यांच्याच."

त्यानंतर प्रत्येक तारखेला सिस्टर त्यांच्यासाठी भाकरी-भाजीचा डबा आणायला लागल्या. पहिल्यांदा डबा उघडताना वकील जरा बिचकले. आत जाऊन दोघं पुन्हा एकमेकांना खोटं ठरवायचे.

निकाल आमच्या बाजूनं लागला. पोस्टर उतरवा, दावा चुकीचा होता असं पेपरात छापा, जादा घेतलेले पैसे परत द्या. मी खूश होऊन बाहेर आलो. मागनं वकील आले.

"सिस्टर, कंपनी अपील करणार नाही. सुटलात तुम्ही."

सिस्टर पायरीवर बसून रिकामा डबा पिशवीत ठेवत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "करा की अपील. मुंबईला असलं तरी यीन मी. तेवढंच येणंजाणं हाय माझं."

वकिलांची पुण्याची गाडी सुटायची वेळ झाली होती. त्यांनी बॅग खाली ठेवली आणि ते पायरीवर सिस्टरच्या शेजारी बसले.