गुलाबी नखांची मंजुरी

औषध-मंजुरी कार्यालयातल्या तपासनिसांना एक वाईट खोड होती. नवं औषध आलं की ते कंपनीला विचारायचे, "रोगी बरा झाला का?" या एका प्रश्नापायी मंजुऱ्या रखडत. नव्या मोठ्या साहेबांनी येताच हे दुखणं अचूक ओळखलं.

"अहो, रोगी बरा व्हायची वाट बघत बसलात, तर औषध बाजारात यायचं कधी? बरं होण्याची चिन्हं दिसली तरी पुरे. पुरावा मागाहून."

पहिली गोळी धापेवरची होती. धाप लागणाऱ्याची नखं निळसर पडतात. सबब नखं गुलाबी झाली की धाप गेली, असं समितीने चहा गार व्हायच्या आत एकमताने मानलं.

"निदान जिना चढता येतो का, ते बघू," तपासनीस अडून बसले.

"जिने बांधकाम खात्याकडे येतात," साहेब म्हणाले.

तपासनिसांच्या घरी तर त्याहून कडक सुनावणी. थोरल्या बहिणीला धापेमुळे वरच्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत जाता येत नव्हतं. तिची खाट खालीच, दाराशी टाकली होती.

"चुलीत घाल तुझी तपासणी! मेल्या, गोळी येईल तेव्हा मी असेन का?"

ताईच्या डोळ्यांतलं पाणी बघून बिचाऱ्यांनी जिन्याचा हट्ट सोडला. दुसऱ्या दिवशी सही झाली.

गोळी आली. ताईची नखं अशी गुलाबी झाली की शेजारणी बघायला आल्या. ताई ऐटीत उठली, जिना चढू लागली आणि अर्ध्यातच मटकन बसली. तोंडातून शब्द फुटेना.

तपासनीस तडक साहेबांकडे गेले. "साहेब, ताईची धाप तशीच आहे!"

"नखं?"

"गुलाबी."

"मग बरी आहे की!"

"आणि तो मागाहूनचा पुरावा? तो कुणावर तपासायचा?"

"तपासतोच आहोत. जो गोळी घेतो, त्याच्यावर."

"त्यांना कळवलंय?"

"कळवत बसलो तर उशीर होईल. मग तेच ओरडतील."

हे खोटं नव्हतं, हीच पंचाईत. तपासनीस मान खाली घालून घरी आले. ताई खाटेवर धापा टाकत वाटच बघत होती.

"दुसरी... नवी गोळी येतेय म्हणे. या खेपेला... लवकर सही कर रे, बाबा."

हसलात? हसा. पण मघाशी पाण्याबरोबर जी गोळी गिळलीत, तिने कोण बरं झालं, हे विचारलं होतंत का दुकानात? नाही ना? आणि रांग हलत नाही म्हणून ओरडत मात्र होतात.