मुळांचं विरजण

मोसम संपला म्हणून दिपालीनं वांग्याचं झाड उपटलं आणि ती थक्कच झाली. मुळांवर गाठीच गाठी, कुणी हौसेनं मणी ओवल्यासारख्या! माहेरी तिचे बाबा सोयाबीन उपटून अशाच गाठी दाखवायचे. गाठी आल्या म्हणजे जमिनीत कस आला. इथं तर वांग्यानंही धरल्या होत्या.

"आई, पाह्यलं का? काय गुणाची माती हाय आपली!"

शकुंतलाबाईंनी पदरानं चष्मा पुसला. सून पहिल्यांदाच वावराबद्दल काही चांगलं बोलत होती. "तळ्याची किरपा वो पोरी. हे तं आळीत वाटलं पाह्यजे."

मग काय, विरजण न्यावं तशी तळ्याकाठच्या बायांनी टोपल्या भरभरून माती नेली आणि आपापल्या नव्या रोपांत कालवली. दिपाली तान्ह्या इलाला कडेवर घेऊन वाटत होती. मनकर्णाबाईंना मात्र तिनं दिली नाही. त्यांच्या बकरीनं इलाचं झबलं खाल्लं होतं.

"संपली माती, काकू."

"माती संपते होय वो? वावरभर तं पसरून हाय!"

पुढं इलाचं उष्टावण ठरलं. "भरीत घरच्याच वांग्याचं," असं सांगून शकुंतलाबाईंनी आख्ख्या आळीला आमंत्रण दिलं. आणि नेमकी तेव्हाच नवी वांगी माना टाकू लागली. पाणी द्या, खत द्या, दुपार झाली की झाडं मलूल. वांगी लिंबाएवढी. शेजारच्या वावरांतही तेच.

"तुया विरजणानं आमचं दूध नासलं वो!" आनंदाबाई बांधावरून ओरडल्या.

कृषी खात्याच्या मॅडम सूक्ष्मदर्शक घेऊन आल्या, त्यांनी मूळ पाहिलं. "सोयाबीनच्या गाठी वेगळ्या, या वेगळ्या. हे सूत्रकृमी, मुळातला रस पिणारे बारीक जंत. माती कुणाला दिली तर नाही ना?"

उत्तर टाळायला दिपालीनं त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, आणि तिथंच राहिली. आत एक मोती होता. जिवंत.

"ही मादी," मॅडम म्हणाल्या. "एकदा मुळात बसली की हलत नाही. बसल्या जागी शेकडो अंडी."

"शेकडो?" एका इलानं रात्रीची झोप उडवलेली दिपाली कुजबुजली. "अन् झोपवते कोण त्याइले?"

उष्टावणाच्या सकाळी हिरवंगार वावर एकच उरलं होतं. इलाला घेऊन दिपाली खाली मानेनं मनकर्णाबाईंच्या दारात उभी राहिली.

"काकू, चुकलं माह्यं. माती नाई देल्ली तुमाले..."

"देल्ली असती तं मेलीच असती मी," म्हणत मनकर्णाबाईंनी टपोऱ्या वांग्यांनी टोपली भरली.

भरीत झालं, इलानं पहिला घास खाऊन तोंड वाकडं केलं. पण पंगत काही बसेना. दिपालीनं मॅडमना सूक्ष्मदर्शकासकट बोलावलं होतं, आणि रागावलेल्या बाया आता आपापल्या वावरातली मुळं घेऊन त्यातली मादी पाहायला रांगेत होत्या.

"माह्यावाली जास्त गोरी हाय," आनंदाबाई अभिमानानं म्हणाल्या.

साऱ्या आळीला वांगी पुरवणाऱ्या मनकर्णाबाई मात्र रिकाम्या हातांनी भिंतीशी टेकल्या होत्या. त्यांच्या मुळाला गाठच नव्हती.

"पाह्यलं? मलेच वगळलं."

दिपालीनं गुपचूप आपल्या वावरातली एक गाठ त्यांच्या तळहातावर ठेवली.

"अहो, ती वावरात नेऊ नका हं!" मॅडम धावल्या.

"नाई नेत वो," गाठीवर ओंजळ धरत मनकर्णाबाई म्हणाल्या. "लेकुरवाळी हाय. नुसती पाह्यतो."