इंजिनाचं कोवळं वय

एका जंगलात, मुलांनो, सिंहमहाराजांनी विमान घेतलं. पाय धडधाकट होते. पण शेजारच्या जंगलातल्या वाघाकडे विमान होतं, म्हणून घेतलं.

ते चालवायला गिधाड नेमलं. त्याला पंख होतेच, पण पेन्शन नव्हती.

इंजिनाची देखभाल केसूनाना अस्वलाकडे होती. इंजिन जितके तास चाले, तितके तास त्याला जोडलेलं एक घड्याळ मोजायचं. शंभर भरले की इंजिन उघडायचं, झिजलेलं बदलायचं आणि घड्याळ शून्यावर आणायचं. शिवाय एक रीत होती. जो 'विमान ठीक आहे' म्हणेल, त्याने स्वतः त्यात बसायचं. फार चांगली रीत. नाना उगाच नव्हते खरं बोलत!

एकदा शंभर भरले, आणि नेमका त्याच दिवशी वाघाकडे महाराजांचा सत्कार होता.

"महाराज, इंजिन उघडावं लागेल. आठवडा जाईल," नाना म्हणाले.

"आठवडाभर हार ताजे राहतात का?" महाराज गुरगुरले.

कोल्हा प्रधान पुढे झाला. "नाना, घड्याळ शून्यावर आणायला किती वेळ लागतो?"

"क्षणभर. पण..."

"मग आधी सोपं काम उरका की!"

"अहो प्रधानजी, मलाही बसायचंय त्यात! घरी पिल्लं आहेत माझी."

"नोकरी गेली तर ती खातील काय?"

नानांनी घड्याळ शून्यावर आणलं. 'विमान ठीक आहे' म्हणाले आणि महाराजांच्या मागे बसले. बिचारे!

डोंगर ओलांडताना इंजिन खोकलं आणि बंद पडलं. गिधाडाने खिडकी उघडली.

"महाराज, मी पुढे जाऊन कळवतो," असं म्हणून ते उडून गेलं.

विमान म्हशींच्या डबक्यात पडलं, म्हणून दोघे वाचले.

चौकशी अर्थातच कोल्ह्याने केली. त्याने घड्याळावरचा चिखल पुसला. ते पाऊण तास दाखवत होतं.

"अरेरे! पाऊण तासाचं इंजिन! किती कोवळ्या वयात गेलं!"

सारं जंगल हळहळलं. महाराजांनी दुखवटा जाहीर केला. 'अहो, ते म्हातारं होतं,' असं सांगायला नानांनी तोंड उघडलं. पण घड्याळ फिरवणारा हात त्यांचाच होता. त्यांनी तोंड मिटलं आणि तेही रडले.

आता नवं इंजिन आलंय. नानांनी हात जोडून एक विनंती केली आणि ती मान्य झाली. 'विमान ठीक आहे' म्हणायचं काम हल्ली घड्याळाकडे असतं. रीतही मोडली नाही. घड्याळ विमानातच बसलेलं असतं.

तात्पर्य: मुलांनो, तासांची नोंद नेहमी ठेवावी. इंजिन वाचेलच असं नाही, पण शोकसभेत सांगायला आकडा लागतो.