काडी धरा, बाई

गयाक्कांनी आजवर ज्यांची ज्यांची तोंडं बंद केली, त्यांत एक बँकेचे मॅनेजर आहेत, एक नगरसेवक आहे, भर मांडवातला एक नवरदेव आहे आणि मीही आहे. भांडून नव्हे. गव्हाच्या काडीनं.

तुम्ही नातवंडं परदेशात वाढता, म्हणून आधी खुलासा करते. आपल्याकडे अंगात घातलेला कपडा अंगावरच शिवत नाहीत. अगदीच नड असेल तर ज्याच्या अंगावर शिवायचं त्यानं तोंडात काडी धरायची आणि टाका पुरा होईपर्यंत बोलायचं नाही. मग दोष लागत नाही, असं म्हणतात. इतर घरांत ही वेळ क्वचित येते. गयाक्कांच्या वाटेत येणाऱ्या माणसावर मात्र ती कधीही येऊ शकते. उसवलेली शिवण, लोंबणारं बटण, सुटलेला फॉल त्यांना रस्त्याच्या पलीकडून दिसतो. एकदा दिसला की त्या माणसाला तसंच पुढे जाऊ देत नाहीत.

मस्तगडला आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून आहे. त्यांच्या कमरेला कायम एक बटवा खोचलेला असतो, खणाच्या तुकड्यांचा, अर्थात स्वतः शिवलेला. त्यात जाड पुठ्ठ्यावर गुंडाळलेले दोरे, फ्लॅनेलच्या तुकड्यात टोचलेल्या सुया, बारकी कात्री, नाना जातींची बटणं आणि एका वेगळ्या कप्प्यात काड्या. त्या धावड्याहून येतात, भावाच्या शेतातून. गहू निघाला की गयाक्का माहेरी जातात, आणि इतरांच्या लेकीबाळी माहेराहून पापड-कुरडया आणतात तशा या काड्या आणतात. धुऊन, उन्हात वाळवून, बोटाएवढ्या कापून ठेवतात.

मला स्वच्छतेची जरा जास्तच काळजी असते हे तुम्हांला ठाऊक आहे. मी विचारलं होतं.

"परत्येकाला नवी काडी, बाई," गयाक्का म्हणाल्या. "उष्टी काडी कोन्हाला देत न्हाई मी. दवाखान्यात नवी सुई टोचतात का न्हाई? तसंच."

"आणि तुमची सुई?"

"सुई कुठं तोंडात घालून राह्यले मी!"

मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून साऱ्या गल्लीची मी बाई आहे. पण बाईंनाही सूट नाही. एकदा भाजीबाजारात माझ्या साडीचा फॉल सुटला होता. गयाक्का मेथीच्या ढिगाशेजारी बसल्याच. "काडी धरा, बाई. जल्दी." मी इकडेतिकडे पाहिलं, माझे दोन जुने विद्यार्थी वांगी निवडत होते. काडी धरली. उन्हाचा, खळ्याचा असा काहीतरी छान वास होता तिला. गयाक्कांनी टाका घालता घालता आरामात सांगितलं, "बाई, तुमी भाजीवाल्याशी भांडताना मधीच इंग्रजी बोलता. त्याला वाटतंय मोठ्या घरची हाय, मंग तो भाव वाढवतो." मला यावर बरंच बोलायचं होतं. पण फॉल लांब होता.

खरी गंमत हीच. गयाक्का बोलतात आणि समोरच्याला उत्तर देता येत नाही. निवडणुकीच्या आधी नगरसेवक हात जोडून गल्लीत आला, तर त्यांना दिसली त्याच्या झब्ब्याची काखेत उसवलेली शिवण. कार्यकर्ते हसायला लागले. "हसू नका, तुमच्याच सायबाचं उघडं पडून राह्यलंय," असं म्हणत त्यांनी त्याला ओट्यावर बसवला, काडी दिली, हात वर करायला लावला. मग एकेक टाक्यागणिक तुंबलेली गटार, बंद दिवा, चार दिवसांनी येणारं पाणी. "बिलकुल हलायचं न्हाई. मान हलवली तर चालंल, पन वरखालीच." त्यानं मान वरखाली केली. गल्लीनं ते कबूल धरलं आणि दिवा लागला सुद्धा. गटार अजून तशीच आहे. ती शिवण छोटी होती.

रस्त्यावरची ही दुरुस्ती झाली त्यांची हौस. खरं काम घरात चालतं. बाळांच्या कुंच्या, टोपडी, दुपटी, चष्म्याची घरं, भाकरीचे रुमाल. तुमचे पासपोर्ट ज्या खणाच्या पाकिटांत आहेत ती त्यांच्याच हातची, आणि विमानतळावर कुणी कुठे घेतली विचारलं तर मस्तगड म्हणून सांगायचं. सगळं हातानं. मशीनवर त्यांचा राग आहे. "मशीनची शिवन एका जागी सुटली की ओढा दोरा, समदं भर्रकन उसवतं. माझा टाका एक तुटला तर शेजारचा धरून ठेवतो." टाका संपला की दोरा बोटाला गुंडाळून गाठ मारतात, नखानं ती कापडात दाबतात, वर एक चापटी देतात आणि म्हणतात, "बराबर!" ही चापटी मॅनेजरसाहेबांच्या मनगटालाही बसली आहे. आणि साऱ्या गल्लीला पाठ असलेली त्यांची प्रतिज्ञा अशी: "माझी गाठ सुटली ना, त्या दिवशी सुई विहिरीत टाकीन."

म्हणूनच आप्पांच्या बटणाचा विषय निघाला की गल्ली खूश व्हायची.

आप्पा म्हणजे गयाक्कांचे यजमान. कोर्टात शिपाई होते, पुकारा करायचे. आवाज असा की व्हरांड्यात उभे राहून हाक मारली तर बाहेर रस्त्यावर चहा पिणारा साक्षीदार कप टाकून पळत यायचा. घरीही तेच. "गयाबाई, चहा घेऊन हाजिर हो!" हे आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं आणि त्यावर गयाक्कांचं "आरोपी फरार हाय!" हेही. दोघं दिवसभर असे वाद घालायचे. तुमचे आजोबा म्हणायचे, आपल्याला रेडिओ घ्यायची गरज नाही.

मग आप्पांना लकवा झाला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. चालतात काठी टेकत, कळतं सगळं, पण शब्द येत नाही. आता ते ओट्यावर खाटेवर बसतात. आणि तेव्हापासून त्यांच्या सदऱ्याचं वरून दुसरं बटण रोज तुटतं. रोज म्हणजे रोज. सकाळी गयाक्का ते लावतात आणि संध्याकाळच्या आत ते लोंबायला लागतं, नाहीतर खाटेखाली सापडतं.

समोरच्या लताबाई दूध घालायला आल्या की मुद्दाम थांबायच्या. "काय गयाक्का, जगाचे बटनं लावता अन् घरचंच टिकंना? विहीर दाखवू का?"

"तुमच्या दुधात हाय की ती, दिसते रोज," गयाक्का म्हणायच्या. पण बटणाबद्दल काही बोलायच्या नाहीत. मला नवल वाटायचं. काखेतल्या शिवणीवरून नगरसेवकाला धारेवर धरणारी बाई स्वतःच्या टाक्यावरचा आळ कसा ऐकून घेते?

यंदा आमच्या भागातल्या महिला मंडळानं मुलींसाठी हातशिलाईचा वर्ग काढायचं ठरवलं. शिकवायला कोण, असं विचारत होते, मी गयाक्कांचं नाव दिलं. मग त्यांना तसं सांगितलं. त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली. मग म्हणाल्या, "पोरी मला काय म्हनतील, बाई? म्याडम?"

"म्हणतीलच."

"गयाक्काच बरं," असं म्हणाल्या खऱ्या, पण त्या आठवड्यात मी भिंतीपलीकडून दोनदा ऐकलं, "बसा पोरींनो. म्याडम काय म्हनते ते ऐका." ऐकणारे एकटे आप्पा होते. गयाक्कांनी नमुने तयार केले. पांढऱ्या मांजरपाटाच्या तुकड्यांवर धावदोरा, टीप, तुरपाई, काज. मुंग्यांची रांग जावी तसे टाके. वर्गाला न्यायला नवी पिशवी शिवली. इतक्या वर्षांत मी त्यांना कुठल्या गोष्टीची अशी आस लागलेली पाहिली नव्हती.

मंडळाच्या अध्यक्षाबाई घरी पाहायला आल्या. नमुने हातात घेऊन उलटेसुलटे करून बघितले, उलटी बाजू कुठली ते त्यांना ओळखू येईना. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. मग त्या उठल्या, ओट्यावर आल्या आणि आप्पांना नमस्कार केला. आप्पांच्या छातीवर दुसरं बटण दोऱ्याला लोंबत होतं. लताबाई नेमक्या तेव्हाच दाराशी.

"म्याडमच्या घरचं बटन बघितलं का, ताई? रोजचंच हाय!"

अध्यक्षाबाई हसल्या. वाईट हेतूनं नव्हे, पण नमुने पाहिलेली नजर आता बटणावर होती. "रोज तुटतं?"

गयाक्कांनी आप्पांकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "माझाच टाका ढिला पडला असंल."

"कळवते हं," अध्यक्षाबाई म्हणाल्या. चार दिवसांनी कळलं की वर्ग दुसऱ्या एका बाईंकडे गेला. त्यांच्याकडे मशीन आहे.

गयाक्कांनी नवी पिशवी घडी घालून कपाटात ठेवली. मला ते बघवलं नाही. त्या बटणाचा एकदाचा निकाल लावायचा असं मी ठरवलं. दुसऱ्या सकाळी त्या गिरणीत दळण घेऊन गेल्या, तशी मी सुईदोरा घेऊन आप्पांच्या खाटेपाशी बसले. माझी शिवण तुम्ही पाहिली आहे. पण पक्की आहे. दुहेरी दोरा, चार चार फेरे, एकावर एक गाठी. आप्पा आधी थोडे पुढे वाकले होते, माझ्या हाताकडे बघत होते, जणू मी काही द्यायचं विसरले आहे. मग त्यांनी मान फिरवली आणि रस्त्याकडे बघत बसले.

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर गेले. आप्पा डाव्या हातानं ते बटण ओढत होते. चिमटीत धरायचं, खेचायचं, बोट निसटायचं, पुन्हा धरायचं. कापड चुरगळलं होतं, बटण जागचं हललं नव्हतं. कपाळावर घाम. मला पाहून त्यांनी हात खाली घेतला, एखाद्या मुलानं घ्यावा तसा.

गयाक्का आतून आल्या. बटण पाहिलं, दोऱ्याचा गोळा पाहिला, मला पाहिलं.

"बाई, तुमी लावलं?"

"हो. म्हटलं, लोकांची तोंडं तरी बंद होतील."

"त्यांना काडी दिल्ती का?"

"काडी कशाला? ते तर तसेही…"

वाक्य मी तिथेच सोडलं. सोडलं तरी ते पुरं ऐकू गेलं होतं. आप्पा रस्त्याकडे बघत होते.

गयाक्का खाटेपाशी बसल्या. कात्रीनं माझ्या गाठी एकेक करून कापल्या. बटण सुटलं. मग उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि आप्पांच्या जुन्या कोर्टातल्या आवाजात ओरडल्या, "सदऱ्याचं दुसरं बटन, हाजिर हो!"

आप्पांचा अर्धा चेहरा हसला. गयाक्कांनी बटव्यातून नवी काडी काढून त्यांच्या ओठांत दिली. त्यांनी ती धरली आणि ताठ बसले, न्यायाधीश यायच्या वेळी उभे राहायचे तसे.

मग गयाक्का बोलायला लागल्या. लताबाईंची म्हैस, गिरणीतली रांग, धावड्याच्या भावाचा फोन, कोणाची सून नांदायला आल्ती आणि परत गेल्ती. आप्पा डोळ्यांनी विचारायचे, भुवया उडवायचे, एका ठिकाणी मान जोरात आडवी हलवली. "पटत न्हाई? बरं, काडी निघू द्या, मंग भांडू," असं म्हणून त्यांनी टाका घातला. इतक्या सावकाश मी त्यांना कधी शिवताना पाहिलं नव्हतं. शेवटी त्यांनी दोरा बटणामागे सैल फिरवला आणि कापला. गाठ नाही. चापटी दिली. "बराबर!"

"अक्का, गाठ?" मी हळूच विचारलं.

"ह्याला मारत न्हाई." त्याही हळूच बोलल्या. "एका हातानं तोडावं लागतं त्यांना. पक्की गाठ मारली तर दिसभर ओढत बसतील."

"पण तोडायचंच कशाला?"

त्यांनी आप्पांकडे पाहिलं. काम झालं होतं, तरी काडी अजून ओठांतच होती. ती काढायची आप्पांना घाई नव्हती.

"काडी धरली की कोन्हीच बोलत न्हाई, बाई. तुमी न्हाई, साहेब न्हाई, नगरसेवक न्हाई. तेवढा येळ ते बी समद्यांसारखेच."

मी उठून उभी राहिले. म्हटलं, "मी आत्ता जाऊन अध्यक्षाबाईंना सांगते. टाका ढिला नाही, त्याला कारण आहे. वर्ग तुम्हांलाच मिळायला हवा."

"अन् काय सांगनार? गयाक्काचा मालक सोताचे बटनं तोडतो? उद्या पोरंसोरं खुळा म्हनतील त्यांना." सुई फ्लॅनेलमध्ये टोचत त्या म्हणाल्या, "टाकाच ढिला हाय म्हनू द्या. माझं काय जातं?"

काय जात होतं ते कपाटात घडी घालून ठेवलं होतं. मी ते बोलून दाखवणार होते. तुम्हांला हे लिहिते आहे ते तुम्ही इतके दूर आहात, तिथून मस्तगडला बातमी यायची नाही, या भरवशावर.

पण त्या दिवशी मी तोंड उघडलं तेवढ्यात लताबाई दुधाची किटली घेऊन ओट्याकडे येताना दिसल्या. गयाक्कांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझं एकही बटण तुटलेलं नव्हतं, फॉल जागेवर होता, शिवण शाबूत होती. तरी त्यांनी बटव्यात हात घातला आणि एक नवी काडी माझ्यापुढे केली.

मी धरली.