बिडवेकाकांची हरवलेली पुस्तकं

नॉटिंगहॅममध्ये आमच्या शेजारी राहणारे बिडवेकाका दोन हजार वर्षांपूर्वी गेलेल्या एका माणसाच्या काळजीत असतात. माणूस म्हणजे एक रोमन इतिहासकार. त्याने जन्मभर रोमचा इतिहास लिहिला आणि त्यातली बहुतेक पुस्तकं पुढे हरवली. कुंपणावरून मी "काय काका, बरंय ना?" विचारलं की उत्तर येतं, "कसलं बरं! तीन चतुर्थांश गेलं गं!" पहिल्यांदा मला वाटलं, वादळात छपराची कौलं गेली.

काका मूळचे औशाचे. इथल्या हॉस्पिटलात लोकांचे एक्स-रे काढून रिटायर झाले. हा इतिहासकारही रोमचा नव्हे, लांबच्या गावचा. रोमच्या शहाण्यांनी त्याच्या भाषेला नावं ठेवली, ते काकांनी स्वतःला लावून घेतलंय.

"मला पुण्यात हसले, त्याला रोममध्ये. पण एक जण थेट स्पेनच्या टोकाहून आला, ह्याला डोळे भरून पाहिलं आणि तसाच परत गेला. रोम बघितलंसुद्धा नाही!"

"त्या पाहुण्याचा स्वयंपाक ह्याच्या बायकोनेच केला असेल," आतून सुमनकाकू म्हणतात.

रोज चहा पिताना काका काकूंना त्याच्या गोष्टी सांगतात. हत्ती घेऊन बर्फाचे डोंगर ओलांडणारा सेनापती काकूंना तोंडपाठ आहे. पण पुस्तक जिथे तुटतं तिथे काका थांबतात. काकूंनी "मग?" विचारलं, की भडकतात. "जे सापडलं नाही ते मी सांगणार नाही. मनचं घालायला मी काय कीर्तनकार आहे?"

गेल्या हिवाळ्यात काकूंच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाऊ शकतो, असं सर्जनने आधीच सांगून ठेवलं होतं. गाडी मी चालवली. प्रत्येक राउंडअबाउटला त्यांचं एकच, "चुकलो नाही ना गं आपण?"

वॉर्डात काकू हॉस्पिटलचा गाऊन घालून बसल्या. मग हळूच काकांचा हात धरून म्हणाल्या, "अहो, सांगा ना काहीतरी. ते तुटलंय त्याच्या पुढचं."

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"पुढे ना... एक राजा होता, तो हरला. मग त्याच्या राणीनं..."

आणि ते सुटलेच. राणी आली, होड्या आल्या, एक बोलणारा पोपट आला. पोर्टर काकूंना घेऊन निघाला तरी काका ट्रॉलीबरोबर चालत सांगतच होते, थिएटरच्या दारापर्यंत.

दार बंद झालं.

"काका, हे कुठे सापडलं तुम्हाला?"

"कुठेच नाही गं," ते म्हणाले आणि खुर्चीत बसून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

दुपारी सर्जनबाई येऊन म्हणाल्या, सगळं नीट झालंय. आम्ही आत गेलो. काकूंनी डोळे उघडले, ओठ हलवले. आवाज घोगरा होता, पण त्यांचाच होता.

"त्या पोपटाचं काय झालं हो?"

काका भर वॉर्डात लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसून त्यांनी मला बाहेर कॉरिडॉरमध्ये ओढलं. चेहरा पुन्हा काळजीने काळवंडलेला.

"तुला काही सुचतंय का गं?"